एच-इंडेक्सच्या पलीकडे: सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकाचं काम कसं जोखायचं

पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात एमडीची नवी बॅच आली की आठवड्याभरात कुणीतरी लायब्ररीच्या काउंटरवर येऊन विचारतंच, "मॅडम, अमुक सरांचा एच-इंडेक्स किती हो?" एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे पेपर आणि इतरांनी केलेले त्यांचे उल्लेख यांवरून काढलेला एक आकडा. तो सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मुलगा तो वहीत टिपतो, गाईड ठरवतो, आणि सहा महिन्यांनी तोंड पाडून परत येतो. सरांचे निम्मे पेपर दोनशे-दोनशे लेखकांचे निघतात आणि फील्डवर कोण गेलं होतं हे खुद्द सरांनाही आठवत नसतं.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मी हे काम बरीच वर्षं करते आहे. कधी गाईड निवडणाऱ्या मुलांसाठी, कधी निवड समितीच्या फाइलीसाठी, कधी एखाद्या पत्रकारासाठी. कारणं निराळी असली तरी रीत एकच. ती इथे उदाहरणासकट सांगते. उदाहरण घेते गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं. त्यांची भाषणं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असतात, पेपर फार थोड्यांनी उघडलेले असतात.

एक एक्सेल शीट आणि दोन निवांत दुपारा हाताशी ठेवा. पबमेड, गूगल स्कॉलर, ऑर्किड आणि आयसाइट ही पेपर आणि लेखक शोधायची ऑनलाइन साधनं फुकट आहेत. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या डेटाबेसना पैसे पडतात, पण तुमच्या कॉलेजने वर्गणी भरलेली असू शकते. ग्रंथपालाला विचारा, आम्ही चावत नाही.

आधी माणूस नक्की करा

हे काम सगळ्यांना क्षुल्लक वाटतं आणि निम्म्या चुका इथेच होतात. पबमेडच्या यादीत लेखकाचं नाव आडनाव आणि आद्याक्षरं असं छापलेलं असतं. डॉ. अभय बंग तिथे 'बंग ए टी' असतात आणि डॉ. राणी बंग 'बंग आर ए'. नुसतं 'बंग ए' टाकून बघा. इंग्रजीत त्याच स्पेलिंगचं आडनाव कोरियात आहे आणि डेन्मार्कातही आहे, त्यामुळे गडचिरोलीच्या शेजारी सोल आणि कोपनहेगन येऊन बसतं. मग गाळणी लावावी लागते. नावासोबत 'गडचिरोली' हा शब्द द्या, किंवा बंग दांपत्याच्या संस्थेचं नाव 'सर्च' द्या. 'सर्च' देताना मात्र सांभाळा, कारण हा शब्द इंग्रजीतल्या अर्ध्या पेपरांच्या सारांशात असतोच.

पाटील, देशमुख, जोशी, कुलकर्णी असतील तर विचारूच नका. एकदा एका निवड समितीसाठी मी 'पाटील एस' यांची यादी काढली आणि मोठ्या दिमाखात पाठवून दिली. क्षयरोगावरच्या पेपरांच्या मधोमध दाताच्या रूट कॅनालवरचे चार पेपर होते. बैठकीत उमेदवारानेच हसत सांगितलं, "हे मी नाही." तेव्हापासून मी तीन गोष्टी तपासल्याशिवाय पेपर यादीत धरत नाही: संस्था, सहलेखक आणि विषय. तिन्हींपैकी दोन तरी जुळायलाच हव्यात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी मधलं नावही बदलतं, आणि एमडीचा थिसिस एका नावाने व पुढचं सगळं काम दुसऱ्या नावाने राहतं. डेटाबेसच्या लेखी त्या दोन बायका. संशोधिकेचा ऑर्किड क्रमांक असेल तर प्रश्न मिटतो. २०१२ साली सुरू झालेला हा सोळा अंकी क्रमांक माणसाला चिकटतो, नावाला नाही. नसेल तर जुनं आडनाव सरळ विचारून घ्या, त्यात संकोच कसला!

यादी शीटमध्ये उतरवा

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडून तिथला आकडा उचलू नका. एकेक पेपर एकेका ओळीत उतरवा. रकाने असे ठेवा: साल, जर्नल, पेपरचा प्रकार, एकूण लेखक किती, याचा क्रमांक कितवा, माहिती कुठे गोळा केली, सायटेशन्स (इतर पेपरांत झालेले उल्लेख) किती. प्रकाराचा रकाना सगळ्यात बोलका असतो. स्वतः माहिती गोळा करून केलेला मूळ अभ्यास, इतरांच्या अभ्यासांचा आढावा, संपादकीय, संपादकाला पत्र आणि बहुराष्ट्रीय गटाचा पेपर ही पाच वेगळी कामं आहेत. शंभर पेपरांतली साठ पत्रं असली तरी प्रोफाइलवर ते शंभर पेपरच दिसतात.

'माहिती कुठे गोळा केली' हा रकाना माझा स्वतःचा, आणि सार्वजनिक आरोग्यात मी तो सोडतच नाही. जव्हार-मोखाड्यात घरोघर फिरून केलेला अभ्यास आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा तयार डेटा डाउनलोड करून केलेलं विश्लेषण, दोन्ही चांगली असू शकतात. पण तुम्हाला गाईड हवा असेल तर तो कोणत्या जातकुळीचा आहे हे आधी कळलेलं बरं.

तीन पेपर मुळातून वाचा

तीनच. एक सुरुवातीचा, एक सर्वाधिक उल्लेख झालेला, एक अलीकडचा. बंग दांपत्याचा प्रभाव ज्या कामांवर उभा आहे ती सगळी पहिल्या दशक-दीड दशकातली असल्यामुळे इथे मी तिन्ही जुने घेते. तिन्ही लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमधले आहेत.

पहिला १९८९ चा, आणि पहिलं नाव राणी बंग यांचं. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, सरासरी बाईमागे ३.६ रोग. तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली होती. याआधी कधी अशी तपासणी झाली होती अशा बायका अवघ्या ८ टक्के. या पेपरातला मोलाचा आकडा ९२ नाही, तर ९२ आणि ८ यांच्यातली दरी, असं माझं मत. दवाखान्यात आलेल्या बायका मोजून ही दरी कधीच दिसली नसती. ती गावात जाऊन, न आलेल्यांना मोजून दिसली.

वाचताना वहीत एक ओळ लिहायची: या अभ्यासावरून काय म्हणता येत नाही? इथे उत्तर सोपं आहे. 'भारतातल्या ९२ टक्के बायका' असं म्हणता येत नाही. गावं दोन होती. तरी हा आकडा लोक देशाच्या नावावर बिनदिक्कत खपवतात. मूळ पेपर वाचलेला माणूस आणि न वाचलेला माणूस इथे लगेच ओळखू येतो.

दुसरा १९९० चा, मुलांच्या न्यूमोनियावरचा. ५८ गावांत आरोग्य कर्मचारी आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवलं. तुलनेसाठी ४४ गावं होती. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. निरक्षर दाई न्यूमोनिया ओळखू शकते, हे इथे आकड्यांत आलं.

तिसरा १९९९ चा, घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ३९ गावांत २५.५ आणि ४७ गावांत ५९.६ होते. सुरुवातीची पातळी धरून काढलेली घट ६२ टक्के. बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे ओळखून या आरोग्यदूत बायका जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. त्या काळी हे वाचून कितीतरी डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असतील.

आता खोट काढा. वाचणाऱ्याचं ते कामच आहे. १९९९ च्या अभ्यासात कोणती गावं कोणत्या गटात जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. शिवाय काम एकाच संस्थेने, एकाच भागात केलं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: दुसऱ्या कुणाला, दुसरीकडे, असाच परिणाम मिळाला का? हा प्रश्न शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागेल.

नावांचा क्रम

आरोग्यविज्ञानात बहुधा पहिल्या नावाने मेहनत केलेली असते आणि शेवटचं नाव ज्येष्ठाचं असतं. अर्थशास्त्राच्या वळणाच्या पेपरांत नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे आरोग्य-अर्थशास्त्रातली व्यक्ती शेवटी दिसली तर ती सगळ्यात ज्येष्ठ असं धरू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या निकषांत बढतीसाठी पहिल्या तीन नावांत किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक असण्याची अट होती. तेव्हापासून पहिल्या तीन जागांसाठी कशी ओढाताण चालते ते कॉलेजात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

१९९९ च्या पेपरवर पाचच नावं आहेत. दोन बंग, तीन त्यांचे सहकारी. गावात राबलेल्यांना लेखक म्हणून जागा मिळते का, हे मी मुद्दाम बघते.

आता आकडे

एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये काढलेली युक्ती. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा असे आहेत: १२०, ६०, ३१, ९, ६, ५, २. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त. सहाव्याला ५ आहेत, सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरवरचा आय-१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्स असलेले पेपर, इथे तीन.

या हिशेबातली गंमत बघा. पहिल्या पेपरला १२० ऐवजी ५,००० सायटेशन्स मिळाली तरी एच-इंडेक्स ५ च. तीनच पेपर लिहून देशाचं धोरण हलवणाऱ्या माणसाचा एच-इंडेक्स कधीही ३ च्या वर जाणार नाही.

उलटी गंमत जागतिक रोगभाराच्या, म्हणजे जगात कोणत्या रोगाने किती नुकसान होतं याचा हिशेब मांडणाऱ्या पेपरांची. सिएटलच्या आयएचएमई या संस्थेच्या पुढाकाराने निघणाऱ्या या पेपरांवर शेकडो लेखक असतात आणि प्रत्येक पेपरला सायटेशन्सचा पाऊस पडतो. यादीत असे आठ-दहा पेपर असले की एच-इंडेक्स फुगतो. काम खोटं नसतं, पण तुमच्या उमेदवाराचा त्यातला वाटा किती हे आकडा सांगत नाही. मी एच-इंडेक्स दोनदा काढते: एकदा सगळे पेपर धरून, एकदा पन्नासपेक्षा जास्त लेखकांचे पेपर वगळून. दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर मुलाखतीत काय विचारायचं ते ठरलं.

कोणत्या डेटाबेसचा आकडा आहे हे न लिहिता आकडा देऊ नका. स्कॉलर थिसिस, अहवाल, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे पेपर) सगळं धरतो, म्हणून त्याचा आकडा सहसा मोठा असतो. स्कोपस निवडक जर्नल्स धरतो. पबमेड तर मुळात सायटेशन्स मोजायचं साधनच नाही, तिथे दिसणारी 'यांनी उल्लेख केला' ही यादी अपुरी असते. मुलं नेमकी तीच मोजून आणतात.

वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांची तुलना करायची असेल तर आयसाइट उघडा. पेपरचा पबमेड क्रमांक टाकला की त्याच्या क्षेत्राच्या आणि काळाच्या मानाने तो किती उचलला गेला याचं गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर झालेल्या पेपरांच्या मधोमध. कर्करोगाच्या औषधावर लिहिणारा आणि सिकलसेलवर लिहिणारा यांना एकाच काट्यावर तोलण्यापेक्षा हे बरं.

आणि इम्पॅक्ट फॅक्टर? तो जर्नलचा असतो, माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढाच तो हिशेब. लॅन्सेटचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० साठी ७९ होता, कोविडच्या पेपरांमुळे २०२१ साठी २०२ झाला आणि २०२३ साठी ९८ वर आला. तेवढ्या काळात लेखकांची अक्कल वाढून कमी झाली असं नव्हे. माणूस जोखायला हा आकडा वापरू नका, असं २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या, संशोधन कसं जोखावं यावरच्या डोरा जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे त्यावर सह्या कमी आणि चर्चासत्रं जास्त.

'जगातले अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ' असे फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर लागतात, त्याबद्दलही दोन शब्द. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ही यादी काढतात. विद्यापीठाने दिलेलं ते पारितोषिक नाही. त्यात आख्ख्या कारकिर्दीची एक यादी असते आणि एकाच वर्षाची दुसरी. फ्लेक्सवर कोणती आहे ते लिहिलेलं नसतं, म्हणून मूळ फाइल उघडून बघा.

कुणी उचललं, आणि का

सर्वाधिक उल्लेख झालेल्या पेपरचं 'साइटेड बाय' उघडा आणि त्यातले वीस पेपर चाळा. तीन खुणा करा: वापरलं, नुसतं नाव घेतलं, विरोध केला. नुसतं नाव घेणारेच बहुतेक वेळा जास्त निघतात.

विरोधाची सायटेशन्स सुद्धा सायटेशन्सच असतात. अँड्र्यू वेकफील्ड यांचा एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा पेपर बारा मुलांवर बेतलेला होता. लॅन्सेटने तो २०१० मध्ये मागे घेतला. त्याचे उल्लेख प्रचंड आहेत आणि त्यांतले बहुसंख्य तो चूक होता हे सांगणारे आहेत. त्या आकड्याला प्रभाव म्हणायचं तर म्हणा, पण लस न मिळालेल्या मुलांच्या गोवराचा हिशेबही त्याच खात्यात धरा.

कोपऱ्यात लिहून ठेवलेला प्रश्न आता काढा. घरच्या घरी बाळाच्या काळजीचा परिणाम इतरत्र दिसला का? सर्चने महाराष्ट्रात सात ठिकाणी स्थानिक संस्थांच्या मदतीने 'अंकुर' या नावाने हेच करून पाहिलं. त्याहून वजनदार पुरावा बाहेरच्यांचा. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये दुसऱ्या गटाने चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास केला. २००८ च्या त्यांच्या पेपरात घरभेटींच्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. ६२ नाही, ३४. मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. आणि गडचिरोलीचं मोल त्याने कमी होत नाही, कारण घरभेटी देऊन बघू या ही कल्पना कुठून आली ते त्या पेपरच्या संदर्भांत दिसतंच.

पेपरपासून आशाताईच्या पिशवीपर्यंत

इथपर्यंतचं काम कोणत्याही शाखेला चालेल. सार्वजनिक आरोग्याची खरी परीक्षा या पुढची.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटी द्याव्यात असं संयुक्त निवेदन काढलं. २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत देशभर तसा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा सहा वेळा जाते, घरी बाळंत झालेल्या बाईकडे सात वेळा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये मिळतात. तिच्या पिशवीत थर्मामीटर असतो, झोळीचा वजनकाटा असतो, श्वास मोजायला घड्याळ असतं. आधी हात धुते, मग बाळाला हात लावते. हे आशांना शिकवणाऱ्या सहाव्या-सातव्या पुस्तिका मिळवा आणि १९९९ च्या पेपरशेजारी ठेवून वाचा. कोणतं वाक्य कुठून आलं ते कळतं. ती पुस्तिका वापरणाऱ्या लाखो आशांपैकी एकीचीही गूगल स्कॉलरमध्ये सायटेशन म्हणून नोंद होत नाही.

काय घेतलं त्याबरोबर काय वगळलं तेही लिहा. सरकारने घरभेटी घेतल्या, पण आशांच्या हातात सुई दिली नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेंटामायसिन द्यायचं काम एएनएमकडे, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकेकडे ठेवलं. म्हणजे गडचिरोलीतला सगळ्यात धाडसी भाग गडचिरोलीतच राहिला. 'धोरणावर प्रभाव' असं मोघम लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य किती तरी नेमकं आहे.

इथे एक सापळा आहे. १९८९ चा पेपर आला, १९९४ च्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेने कुटुंबनियोजनाच्या पलीकडे जाऊन प्रजनन आरोग्याची मांडणी केली. म्हणून एकातून दुसरं झालं असं लिहायचा मोह होतो. आधी-नंतर म्हणजे कार्यकारण नव्हे, हे आपणच एमडीच्या पहिल्या वर्षी शिकवतो. निवेदन, अहवाल, समितीचं इतिवृत्त, काहीतरी कागद हातात हवा, ज्यात त्या पेपरचं नाव आहे. तो सापडेपर्यंत शीटमध्ये 'शक्य' लिहा, 'सिद्ध' लिहू नका.

आणि काहींच्या बाबतीत पेपर शोधणंच चुकीचं. जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं, तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेवरची अल्मा-आटाची परिषद झाली. त्यांचा एच-इंडेक्स काढायला बसलेल्या मुलाला मी सरळ सांगितलं, शीट बंद कर आणि जामखेडची एसटी पकड.

सावल्या

पटापट उरकायची तपासणी, पण टाळायची नाही. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसात नाव टाका, २०२३ पासून तो क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सगळ्यांना खुला आहे. पेपर मागे घेतला गेला म्हणजे माणूस लबाड असं नाही, प्रामाणिक चूक कबूल करणाऱ्यांचा मला आदरच वाटतो. सूचनेत कारण दिलेलं असतं, ते वाचा. नामांकित जर्नलमध्येही हे घडतं. लॅन्सेटमधला कोविडवरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधाचा पेपर मे २०२० मध्ये आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला.

मग जर्नल्स बघा. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणारी दुकानं ओळखायला विद्यापीठ अनुदान आयोगाची चांगल्या जर्नल्सची युजीसी-केअर यादी एक आधार होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. आता आपलंच डोकं वापरायचं. संपादक मंडळातल्या दोन माणसांना त्यांच्या संस्थेच्या पानावर शोधा, ती खरोखर तिथे आहेत का बघा. एकाच जर्नलमध्ये एका वर्षात एकाच माणसाचे नऊ पेपर असतील तर तो माणूस संपादक आहे का तेही बघा. स्वतःच्याच पेपरांचे उल्लेख स्कोपसवर वगळून आकडा काढता येतो. दीर्घकाळ एकाच गावात काम करणाऱ्याला जुने पेपर पुन्हा सांगावेच लागतात, एवढी सवलत द्या.

शेवटी एक पान

सगळं झाल्यावर एकच पान लिहा. शीट जोडू नका, कुणी वाचत नाही. वरच्या भागात चार-पाच वाक्यं: कोणता प्रश्न धरला, कुठे काम केलं, काय सापडलं, इतरांना तेच सापडलं का, त्यातून काय बदललं. आकडे त्याखाली एका ओळीत, डेटाबेसच्या नावासह. मग 'अजून तपासायचं' असा एक भाग, त्यात शीटमधली सगळी 'शक्य' येतात. तळाला आजची तारीख टाका, कारण सायटेशन्स रोज हलतात आणि पुढच्या वर्षी हीच फाइल कुणीतरी जशीच्या तशी वापरणार आहे.